मामा, तुम्ही जे करून दिलं नाहीत त्याबद्दलही

श्री. मिस्त्री मामा यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र जाहीर लिहितेय, कारण ओझरला घरी येऊन आभार मानू लागलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. शिवाय आमच्या मित्सुबिशी ट्रॅक्टरच्या तोंडाला लोडर, म्हणजे खत-माती उचलणारी बकेट, दिसल्यापासून सुकेणे, ओणे, दात्याण्याकडचे जुने छोटे ट्रॅक्टरवाले वाटेत थांबवून विचारतात, कोणी बसवला, किती लागले. आकडा सांगायला हरकत नाही. पण आकडा ऐकून माणूस थेट वेल्डिंगच्या दुकानात जातो आणि दोन लोखंडी चॅनेल इंजिनाला ठोकून घरी येतो. म्हणून तुम्ही काय केलंत आणि काय करायला साफ नाही म्हणालात, दोन्ही लिहून टाकते. वाचताना अवघडल्यासारखं होईल, तेवढं चालवून घ्या.

आमचा ट्रॅक्टर म्हणजे व्हीएसटीचा जुना मित्सुबिशी शक्ती. साडेअठरा हॉर्सपॉवर, तीन सिलिंडर, टू-व्हील. द्राक्षपट्ट्यात त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. दोन ओळींमधून फिरतो, मांडवाखाली मावतो, म्हणून नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो घेतला आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर औषध फवारायचा ब्लोअर चालवला. मोठा ट्रॅक्टर आल्यापासून तो शेडमध्ये उभा होता. विकायला नाना तयार नव्हते, आणि खरं तर मीही नव्हते.

काम होतं खताचं. छाटणीच्या आधी बोदात, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यात, शेणखत, कधी लेंडीखत, कधी कारखान्याची मळी. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्या छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंगलाच (घडातले मणी विरळ करणं) पुऱ्या पडत नाहीत, खताच्या पाट्या वाहायला माणूस आणायचा कुठून? जेसीबी बांधापर्यंत येतो, ओळीत शिरत नाही. दुकानांतून मला दाखवले ते तयार लोडर सगळे मोठ्या ट्रॅक्टरचे. अशात पुतण्यानं अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. तिकडे बागकामाच्या छोट्या ट्रॅक्टरांची परंपराच आहे, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १९६१ चा, जॉन डिअरचा ११० नंबरचा १९६३ चा. तसल्या जुन्या, आमच्यापेक्षाही कमी ताकदीच्या ट्रॅक्टरांना हौशी लोक आजही घरच्या घरी लोडर बसवतात. तो व्हिडिओ घेऊनच मी तुमच्या शेडमध्ये आले.

तुम्ही व्हिडिओ बघितलाच नाहीत. पुढच्या ॲक्सलखाली वाकलात, तो ज्यावर झुलतो ती सेंटर पिन पाहिली, चाक हातानं हलवून बेअरिंगचा खेळ पाहिलात आणि विचारलंत, "ताई, उचलायचं किती?" मी म्हटलं, पाचशे किलो. "मग मोठा ट्रॅक्टर आणा," म्हणालात आणि हात पुसायला लागलात.

नंतर पत्र्याच्या दारावर खडूनं जो हिशेब मांडलात त्याचा फोटो माझ्याकडे आहे. विचारणाऱ्या प्रत्येकाला आता तोच दाखवते. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साधारण साडेचार फूट. भरलेल्या बकेटचं वजन पडतं पुढच्या ॲक्सलच्याही पुढे साडेतीन फुटांवर. अशा बकेटमध्ये दोनशे किलो आलं, की पुढच्या ॲक्सलवर दोनशे येत नाही, साडेतीनशेच्या वर येतं. वरचं दीडशे आलं कुठून? मागच्या चाकांवरून उचललं गेलं. म्हणजे पुढची चाकं दबतात, मागची हलकी होऊन जागेवर फिरतात, आणि ब्रेक तर मागेच. पाचशे किलोला हेच गणित केलं तेव्हा मी गप्प बसले. दोनशेवर सौदा ठरला.

त्यानंतर मागचं वजन. दोनशे लिटरचा पिंप अर्धा काँक्रीटनं भरून ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला टांगायला लावलात. त्याचं वजन अडीचशे किलोच्या आसपास, आणि ते मागच्या ॲक्सलच्या मागे तीन फुटांवर, त्यामुळे पुढचं दीडशेच्या वर ओझं परत मागे येतं. शिवाय मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी, व्हॉल्व्ह वर ठेवून भरलेलं. पुतण्या म्हणाला, तिकडे त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, नाहीतर हिवाळ्यात पाणी गोठतं. आपल्या निफाडचा पारा थंडीत शून्याजवळ गेल्याच्या आणि पानांवरचं दव गोठल्याच्या बातम्या येतात खऱ्या, पण पहाटेच्या तेवढ्या थंडीनं टायरभर पाण्याचा बर्फ होत नाही. साधं विहिरीचं पाणी भरलं, रिम गंजायची चिंताही वाचली.

लोकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं ते तुमच्या खालच्या फ्रेमकडे. बाहेरून दिसतात आर्म, तेलाच्या दाबानं ते उचलणारे जॅक आणि बकेट, म्हणून सगळे त्याचेच फोटो काढतात. पण या ट्रॅक्टरला टोकापासून टोकापर्यंत चासी नाही. इंजिनाच्या मागे क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्सची ओतीव खोकी हीच त्याची पाठ. लोडरचे खांब नुसते इंजिनापाशी बांधले, तर ढिगात बकेट घुसताना बसणारा प्रत्येक धक्का त्या बिडावर येणार, आणि बीड वाकत नाही, तडकतं. दुसऱ्या एका ठिकाणी मला हेच काम निम्म्या पैशात करून मिळत होतं, तेही इंजिनाच्या बोल्टांवर. तुम्ही दोन्ही बाजूंनी चॅनेल मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगपर्यंत नेलेत, म्हणजे धक्का बिडाला वळसा घालून थेट मागच्या चाकांकडे जातो. लोखंडाचा अर्धा खर्च या न दिसणाऱ्या भागात गेला.

जॅकना तेल देणाऱ्या पंपाचंही तसंच. क्रँकच्या पुलीवरून पट्टा काढून सरळ गिअर पंपाच्या शाफ्टवर पुली ठोकायची, असं मी पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, गिअर पंपाचा शाफ्ट फिरायला बनवलाय, बाजूनं ओढून घ्यायला नाही. पट्ट्याच्या ताणानं आतली बुशं एका अंगाला झिजतात आणि पंप प्रेशर सोडतो. म्हणून मध्ये एक छोटा शाफ्ट दोन प्लमर ब्लॉकांवर, म्हणजे बेअरिंगच्या ठोकळ्यांवर, पट्टा त्याला, आणि पुढे लव्हजॉय कपलिंगनं (दोन शाफ्ट जोडणारा लवचीक जोड) पंप. ताण ब्लॉक खातात, पंप निवांत. सहा सीसीचा पंप, दोन हजार फेऱ्यांना मिनिटाला बारा लिटर तेल. उचलायचे दोन जॅक चाळीस मिलिमीटर बोअरचे, चारशेच्या स्ट्रोकचे, दोन्हींत मिळून लिटरभर तेल मावतं. म्हणजे आर्म पाच सेकंदांत वर. इंजिनाची जेमतेम तीन हॉर्सपॉवर त्यात जाते.

मी पन्नासचे जॅक मागत होते. तुम्ही पुन्हा खडू उचललात. चाळीसच्या पिस्टनला साडेबारा चौरस सेंटिमीटर, त्यावर एकशे दहा किलोचं प्रेशर, दोन जॅक मिळून पावणेतीन हजार किलोचा जोर. जॅक बसतो आर्मच्या मुळाशी, वजन असतं टोकाला, त्यामुळे टोकाला त्याचा थोडाच हिस्सा उरतो. त्यातून आर्म आणि बकेटचं स्वतःचं वजन गेलं की राहिले दोनशेच्या आतबाहेर. "ट्रॅक्टर जेवढं झेलेल तेवढंच लोडरनं उचलावं. जास्त उचलायची ताकद दिली, तर कोणीतरी एक दिवस ती वापरणारच." जास्तीचं प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह गेज लावून एकशे दहावर बांधलात आणि त्याच्या नटाला तार ओवून सील केलंत. ते सील तसंच आहे, मामा. भाऊबंदांपैकी एकानं पाना काढला होता, नानांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

बकेट चार फुटांचीच का, हेही लोक विचारतात. शेणखत हलकं, या बकेटमध्ये सत्तर-ऐंशी किलो बसतं, मग मोठी का नाही? कारण तीच बकेट ओल्या मुरमानं काठोकाठ भरली की दोनशेच्या वर जाते, आणि शेतात मुरूम निघाला की तो तिच्यात भरला जाणारच. तुम्ही माप शेणखताचं धरलंच नाहीत.

ओझरच्या विमान कारखान्यात तुमचं आयुष्य मिगवर गेलं, हे मला काम अर्ध्यावर आल्यावर कळलं. कळल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची, अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या शेजारीच लावायचा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जात नाही. दोन्ही आर्मची भोकं एकत्र धरून, एकच पिन आरपार घालून मगच टाके मारायचे. प्रत्येक नटापासून पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पिनांना लॉकिंग वायर, तीही नट आवळला जाईल त्याच दिशेनं पिळलेली. शेणखत भरायच्या लोडरला! गावात हसले काही जण. पण सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी त्या रेघांवरून नजर फिरवायला मला किल्ली लावण्याइतकाच वेळ लागतो, आणि पहिल्या हंगामात उजव्या खांबाची एक रेघ सरकलेली मला तशीच सापडली.

तेलाच्या गळतीचं तुम्ही जे सांगितलंत ते तर मी शेडमध्ये पाटीवर लिहून लावलंय. होजला सुईएवढं भोक पडलं, तर तिथून निघणारी धार कातडीच्या आत शिरते, वर नुसता ठिपका दिसतो आणि हात गमवायची वेळ येते. गळती शोधायची तर इंजिन बंद करून, प्रेशर सोडून, आणि प्रेशर असताना पाहावंच लागलं तर पुठ्ठा फिरवून, हात कधीच नाही. उचललेल्या बकेटखाली टेकू लावल्याशिवाय कोणी वाकायचं नाही, हे त्याच्याच खाली लिहिलंय. ही दोन वाक्यं लोडर विकणाऱ्या एकानंही मला सांगितली नव्हती.

आता काम कसं चाललंय ते. ओळीत शिरताना आर्म बॉनेटच्या खालीच ठेवतो, मांडवाच्या तारा वर आहेत याचा विसर पडून चालत नाही. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे भरल्या बकेटनं उभ्या ट्रॅक्टरचं चाक वळवायला जात नाही, थोडं चालवत वळवते, हात आणि पुढच्या चाकांचे स्टब ॲक्सल दोन्ही वाचतात. उतारावर आडवी जात नाही. डांबरीवर जायचं असेल तेव्हा चार पिना काढून लोडर त्याच्या पायांवर उभा करते. आधी ज्या खताला टोळी शोधत फिरायचो ते आता मी आणि पुतण्या उरकतो. पाट्या वाहणाऱ्या बायकांना मी आता तासाला जास्त देऊन थिनिंगला घेते. त्यांना सावलीतलं काम मिळालं, म्हणून त्याही तुमचं नाव काढतात.

तुम्ही लोखंडाचे, लेथचे आणि होजचे पैसे घेतलेत, मजुरी घेतली नाहीत. घेणार नाही म्हटलंत तर ऐकून घेणार नाही, कारण तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या त्या पोराची मजुरी तरी तुम्ही खिशातून दिली असणार. फेब्रुवारीत माल निघाला की पहिल्या पेट्या ओझरला येतील, त्या मजुरीत धरू नका.

एक काम आहे. बकेटच्या डाव्या जॅकच्या रॉडवर तेलाचा पातळ थर दिसायला लागलाय, थेंब अजून पडत नाही. रॉडला ओरखडा नाही, बोट नव्हे, फडकं फिरवून पाहिलं. सील बदलायचं का छाटणीपर्यंत थांबायचं, ते सांगा. येत्या रविवारी जॅक उतरवून आणते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सुकेण्याची ताई