इस्तंबूलमधल्या त्या तिघांचे मनापासून आभार

इस्तंबूलमधला आमचा पहिलाच दिवस. सुलतानअहमदच्या ट्राम थांब्यावर मशीन आमची नोट काही केल्या घेईना आणि मागे रांग वाढत चाललेली. मागच्या मावशींनी नोट हातात घेतली, दुमडलेला कोपरा नखाने सरळ केला आणि अलगद आत सरकवली. मावशी, तुमचे आभार.

इ.स. 537 मध्ये उभी राहिलेली हाया सोफिया ही मूळची चर्च असलेली मशीद पाहून आम्ही जवळच्या भूमिगत जलाशयात गेलो. 336 खांब, मंद उजेड, पायाखाली ओल. ह्यांचा गुडघा दुखतोय हे एका कॉलेजच्या वयाच्या मुलाने ओळखलं. हात धरून त्याने ह्यांना पार शेवटच्या टोकापर्यंत नेलं, खांबाखालचं मेदुसाचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांचे केस असलेल्या बाईचं, उलटं शिर दाखवलं आणि पुन्हा वरही आणून सोडलं. पोटच्या पोरानं करावं तसं केलंस रे बाळा!

संध्याकाळी एमिनोनू भागात आम्हाला पावसाने गाठलं. एका चहावाल्या काकांनी छपराखाली बोलावलं, कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातून वाफाळता कोरा चहा दिला. पैसे पुढे केले, तर छातीवर हात ठेवून नुसते हसले.

तुमची नावं विचारायची राहून गेली. तेशेक्कुर एदेरिम (तुर्कीत ‘धन्यवाद’), काका.