खारे वारे

सोलापूर,
16 मे

प्रिय दोस्ता,

“भर मे महिन्यात कोकणात? येडा झालास का बे?” असं तू फोनवर म्हणाला होतास. तर जाऊन आलो. पारा 43 च्या वर आहे. आत्ताच गच्चीवर पाणी मारलं, ती जरा निवल्यावर चादर टाकून हे लिहायला बसलोय. तुझ्या त्या प्रश्नाला फोनवर नीट उत्तर देता आलं नव्हतं.

शाळेतलं भूगोलाचं उत्तर आठवतं? ‘दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना खारे वारे म्हणतात.’ जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा येते. पत्र्याखाली झळा खात आपण हे घोकलं, मार्कही मिळवले. समुद्र तेव्हा दोघांपैकी कुणीच पाहिला नव्हता.

आम्ही चौघं निघालो. आई, ही, पोरगा आणि मी. पंढरपूर, फलटण, वाई करत पहिला मुक्काम महाबळेश्वरला. सकाळी जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात गोमुखाचं पाणी आईने डोळ्यांना लावलं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्या इथल्याच. कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेच्या वाटेला लागतात, सावित्री मात्र कडा उतरून पश्चिमेला जाते. त्या दिवशी तिच्याच सोबतीने समुद्र गाठायचा, असं मी ठरवूनच आलो होतो.

आर्थर सीटवर उभं राहिलं की खाली थेट सावित्रीचं खोरं. ऊन रणरणत होतं आणि वारा असा की आईला पदर दोन्ही हातांनी धरावा लागत होता. तिथे बाटलीची झाकणं खाली टाकायची लोकांना हौस असते, वाऱ्याने ती परत वर येतात. मी जांभळाचं एक वाळलेलं पान सोडलं. ते हातभर खाली गेलं, थबकलं आणि सरळ वर आमच्या डोक्यावरून मागे गेलं. पोरगा ओरडायलाच लागला. पश्चिमेकडून आलेल्या वाऱ्याला समोर सह्याद्रीची भिंत लागते, वर चढण्यावाचून त्याला वाट नसते. पावसाळ्यात हीच भिंत ढग अडवते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि आपल्या जिल्ह्यात जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. पण राग धरवत नाही रे. उजनीतून आपल्या नळाला येणारं भीमेचं पाणीही याच सह्याद्रीतलं, वर भीमाशंकरचं.

आंबेनळी घाट उतरताना कानांना दडे बसले. पोलादपूरला अंग चिकचिकायला लागलं. महाडला चवदार तळ्यापाशी थांबलो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी जिथे ओंजळीने पाणी प्यायलं, तिथे भर उन्हात उभं राहून आई बराच वेळ काही बोलली नाही.

गोरेगाव, म्हसळा करत साडेतीनला हरिहरेश्वर. गाडीचं दार उघडलं आणि वाऱ्याने ते हातातून ओढूनच घेतलं! ऊन तेच, आपल्याकडचंच. पण आपल्याकडे वारा सुटला की खिडक्या लावून घेतो आपण. इथे मी शर्टाची बटणं सोडून उभा राहिलो. आणि तेव्हा कळलं बघ: ही गंमत मे महिन्याचीच आहे. जमीन अशी तापली नसती तर समुद्राने एवढी हवा धाडली नसती.

देवळामागची प्रदक्षिणेची वाट भरतीला धोक्याची, तिथे माणसं वाहून गेलीत. दुकानदार म्हणाले, “ओहोटी लागू द्या, पाचनंतर उतरा.” तोवर वाळूवर आपली सोलापुरी चादर अंथरली. ती उडू नये म्हणून चौघं चार कोपऱ्यांवर बसलो आणि मधे कडक भाकरी, शेंगाचटणी. चटणीत थोडी वाळू गेली, तरी डबा चाटून पुसून संपवला.

मग डोंगराच्या पायऱ्या चढून पलीकडच्या घळीतून खाली उतरलो. लाटांनी खाऊन खाऊन कातळाची जाळी झालीय. कडा पाठीशी, पाणी पायाशी. जवळच सावित्री समुद्राला मिळते, पलीकडे बाणकोट. सकाळी जिचं पाणी आईने डोळ्यांना लावलं, तीच ही.

पहाटे जाग आली तर वारा फिरलेला. आता तो आमच्या पाठीमागून येत होता, हलका, चुलीच्या धुराचा आणि पिकल्या आंब्यांचा वास घेऊन. जमीन आधी निवली होती. मतलई वारे! उत्तराचा दुसरा अर्धा भाग. तुला तेव्हाच फोन करणार होतो, पण साडेचार वाजले होते.

पुढच्या मे महिन्यात चार दिवसांची रजा टाक. पौर्णिमेच्या आसपासची बघ, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सापडते. चादर मी आणतो, एका कोपऱ्यावर तू बस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
गच्चीवरचा दोस्त