मारामारी ठेवली, तिचं कारण कापलं

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पावसाची नुसती झड लागलेली, बाहेर पडायची सोय नाही म्हणून घरातले सगळे टीव्हीपुढं बसलो, साऊथचा हिंदीत डब केलेला अ‍ॅक्शन पिक्चर लागलेला, मी तो थिएटरला दोनदा बघितलाय त्यामुळं सीन न् सीन माहिती. शेवटची फाईट आली, व्हिलन कोयता घेऊन हिरोच्या अंगावर धावला आणि पुढच्या शॉटला व्हिलन डायरेक्ट जमिनीवर आडवा. मधलं काहीच नाही, म्युझिकपण गचका बसल्यासारखं तुटलं. माझा आठ वर्षांचा पुतण्या विचारतो, काका, त्याला काय झालं?

सगळं आहे तसं दाखवा असं माझं म्हणणं नाही, हे आधी सांगतो. थिएटरच्या दारावर वय बघून आत सोडतात, घरातल्या टीव्हीला दारच नाही, त्यामुळं ए, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीच्या सर्टिफिकेटचा पिक्चर टीव्हीवर आणायचा तर कापून परत सेन्सॉर बोर्डाकडून पास करून घ्यावा लागतो ते बरोबरच आहे. 2023 ला कायदा बदलला आणि यूए, म्हणजे लहानांनी आईबापाच्या सल्ल्यानं बघायच्या सर्टिफिकेटमध्ये 7, 13, 16 असे वयाचे भाग केले, तेपण मला पटलं, घरातल्या माणसाला त्यावरून अंदाज येतो.

पण सेन्सॉरनं कापलेलं वेगळं आणि वेळेत बसवायला कापलेलं वेगळं, आणि माझी तक्रार जास्त करून या दुसऱ्याबद्दल आहे. साधा हिशेब बघा. नियमाप्रमाणे तासाला 12 मिनिटं जाहिराती चालतात, म्हणजे पिक्चरला उरली 48 मिनिटं. अडीच तासाची वेळ ठेवली तर पिक्चर दिसणार 2 तास. आता मूळ पिक्चर 2 तास 40 मिनिटांचा असला तर 40 मिनिटं गेली कुठं? रक्ताचे सीन एवढे नसतात हो. मी त्या दिवशी नीट लक्ष देऊन बघितलं, हिरोच्या बापाचं शेत जातं तो सगळा भाग गायब, बहीण घर सोडून जाते तो गायब, दवाखान्यातला सीन जो बघून थिएटरला माझ्या शेजारचा अनोळखी माणूस डोळे पुसत होता तो पण गायब. फाईट मात्र सातच्या सात जागेवर. म्हणजे मारामारी ठेवली आणि ती का झाली ते काढून टाकलं.

आणि फाईटमधून काय काढलं तर लागलेलं. ठोसा दिसतो, जखम दिसत नाही, मार खाल्लेला माणूस कण्हताना दिसत नाही. हे बघून पोरगं काय शिकणार? दुसऱ्याच दिवशी पुतण्यानं धाकट्या बहिणीच्या पाठीत बॅट घातली आणि वर मलाच सांगतो, टीव्हीत एवढं मारतात तरी कुणाला काय होत नाही. मला त्या पोराचा राग नाही आला, खरं सांगतो, वाईट वाटलं.

आपल्या कोल्हापूरला हे नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी 1920 ला 'सैरंध्री' काढला, त्यात भीम कीचकाला मारतो तो सीन इतका हुबेहूब झालेला की सेन्सॉरनं त्याला कात्री लावली. पण तो सीन गेला तरी बघणाऱ्याला गोष्ट कळत होती, कारण कीचकानं द्रौपदीला काय केलं हे घरोघरी माहिती होतं. आजच्या पिक्चरची गोष्ट कुणाला पाठ नसते, ती पडद्यावरच कळायला पाहिजे. आम्ही खासबागेत कुस्त्या बघत मोठे झालेली माणसं. सलामी दाखवली आणि लगेच चितपट झालेला पैलवान दाखवला, मधला डाव दाखवलाच नाही, तर मैदानात कोण बसेल? फाईट मास्तर आणि त्यांची पोरं जीव धोक्यात घालून तो डावच तर बसवतात, दोरीवर लटकतात, काचेतून उड्या मारतात, त्यांची मेहनत अशी कुणीपण कुठंपण तोडावी हे मला सहन होत नाही.

माझं चॅनेलवाल्यांना कळकळीचं सांगणं आहे, पिक्चर सुरू व्हायच्या आधी मूळ किती मिनिटांचा आणि आज दाखवणार किती मिनिटं एवढं ठळक अक्षरात लिहा, सर्टिफिकेटवर लांबी असतेच पण ते एवढं पटकन जातं की वाचून होत नाही. वेळेत बसत नसेल तर तीन तास द्या, नाहीतर शनिवार रविवार दोन भाग करा, आम्ही दोन्ही दिवस बसू. कापायचंच असेल तर सातातल्या दोन फाईट कापा, पण बापाचं शेत आणि दवाखान्यातला सीन ठेवा. आणि ऐन फाईटमध्ये ब्रेक घेऊ नका.

पुतण्याला मी ती राहिलेली गोष्ट रात्री जेवताना सांगितली, शेत कसं गेलं, बहीण का गेली, सगळं. मग तो म्हणाला, मग हे टीव्हीत का नव्हतं?

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर