बॅग भरली, सासूबाईंचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला पुराच्या तयारीचा लेख वाचला. टॉर्च, बिस्किटं, प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, छान छान. अडचण आली तर 1077 ला फोन करा म्हणे. लेख कुठं बसून लिहिलाय माहीत नाही, ऑगस्ट 2019 मधल्या सांगलीत बसून तर नक्कीच नाही, लाईट गेल्यावर आमचे मोबाईल कधीच बंद पडलेले, फोन काय विटेवरनं करायचा?

आमच्या सासूबाई तेव्हा पॅरालिसिसनं अंथरुणावर. 2005 च्या पुरात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 54 फुटांच्या आतच होतं, ते आमच्या पायरीला लागून माघारी गेलेलं, म्हणून सासरे म्हणाले वरच्या मजल्यावर बसू, काय होत नाही. यावेळी 57 च्या वर गेलं! बोट आली, पोरं चांगली होती हो, पण खालनं विचारतात, आजींना चालता येतंय का? नाही म्हटल्यावर, मग पुढच्या फेरीला बघू. ती फेरी दुसऱ्या दिवशी. शेवटी गल्लीतल्या पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीला साडीनं बांधून त्यांना जिन्यावरनं बोटीत उतरवलं, आणि ब्रह्मनाळला बोट उलटल्याचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं, त्या माझा हात सोडेनात. घरातलं अंथरुणाला खिळलेलं माणूस कुणी उचलायचं, कशावरनं न्यायचं, डायपर नि इन्सुलिन कुणाकडं, हे आधी ठरवून ठेवा असं एक वाक्य तरी लिहायचं. बिस्किटांवर अख्खा परिच्छेद आहे.

दुसरं, इशारा 40 फूट आणि धोका 45 हे इथं शेंबडं पोरगं पण सांगेल. आयर्विनला किती फूट झाल्यावर कुठल्या गल्लीत पाणी शिरतं ते छापा की! सखल भागातल्या सूर्यवंशी प्लॉटवाल्यांना आपला आकडा पाठ असतो, ते धोक्याच्या पातळीची वाट बघत बसत नाहीत. आमच्यासारख्यांना पाणी दारात आल्यावर कळतं. कोयनेतनं सोडलेलं पाणी काय लगेच सांगलीत येत नाही, तेवढ्या वेळात म्हातारं माणूस विश्रामबागला पाहुण्यांकडं आरामात पोचतं, बोटच लागत नाही.

पण पातळी तुम्ही छापता आतल्या पानावर, भिंग घेऊन वाचावी लागेल अशी, आणि पहिलं पान अख्खं साहेबांच्या वाढदिवसाला. जाहिरातीचे पैसे मिळतात, कळतं आम्हाला. निदान पावसाळ्याचे दोन-तीन महिने तरी साहेबांना आत घ्या.

आणि गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

एक वाचक, सांगली