शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनाचे जुने फोटो हवेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीचं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ मध्ये बंद झालं आणि डिझेल आलं, त्याआधीची शेवटची दोन-तीन वर्षं मी घरी मॉडेलवर उभी करतोय. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, १:८७ स्केलला (खऱ्याच्या ८७ पट लहान) पावणेनऊ मिमी होतं, म्हणून मॉडेल रेल्वेच्या एन गेज या मापाचा ९ मिमी रूळ मस्त बसतो. खरी मेहनत रंगात आहे, इंजिन नुसतं काळं केलं की खेळणं वाटतं, कोळशाची पूड चाळून ब्रशने चोळली, पाणी सांडतं तिथे पांढरट ओघळ काढले तेव्हा कुठे ते राबलेलं दिसायला लागलं. पण स्टेशनांचे, पाण्याच्या टाक्यांचे त्या वेळचे फोटोच मिळत नाहीत हो. वाचकांच्या अल्बमात असतील तर प्लीज तुमच्याकडे पाठवावेत, आणि तुम्ही ते छापा.

– एक वाचक, अकोला