सुनंदास पत्र: आराम पुरे, आता चालू या

नागपूर,
१० जानेवारी

प्रिय सुनंदा,

तुझ्या स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारातला रेडिएशनचा शेवटचा दिवस पार पडल्याचं भाऊजींनी फोनवर सांगितलं आणि मी आधी देवापुढे दिवा लावला. आता मुंबईहून तू घरी येशील. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून घाईनं लिहायला बसले, कारण एकदा उंबरठा ओलांडलास की तुझ्याभोवती गराडा पडेल आणि जो तो एकच सांगेल, "आता तू काही करू नको, नुसता आराम कर." मला हाच आजार झाला तेव्हा सासूबाई मला पाण्याची कळशीसुद्धा हलवू देत नव्हत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, आपरेशन झालेल्या बाजूच्या हातानं काई उचलू नको, हात सुजते." सगळं मायेपोटीच गं. त्या मायेला हात जोड, पण ऐकू नकोस. उठ आणि चालायला लाग. मला मुख्य सांगायचंय ते एवढंच.

केमोनंतरचा थकवा वेगळाच असतो, हे तुला मी काय सांगू. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसतं. साध्या थकव्याला झोप हे औषध, पण हा थकवा पडून राहिल्यानं वाढतो आणि हालचालीनं कमी होतो. ऐकायला उलटं वाटतं, पण अनेक अभ्यासांत हेच दिसलंय. डॉक्टरांचं उद्दिष्ट आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायामाचं असतं, म्हणजे दम लागेल पण बोलता येईल असं भरभर चालणं, आणि त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम. आकडा ऐकून घाबरू नकोस. घरासमोरच्या रस्त्यावर दहा मिनिटं, इथून सुरुवात कर. थंडी आहे तोवरच सवय लागू दे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की साडेपाचला बाहेर पडावं लागतं आणि तेव्हा नवी सवय लावणं फार अवघड जातं. मी अंबाझरी तलावाच्या बाजूला जाते. सकाळी तिथं आपल्या वयाच्या कितीतरी बायका असतात, एकटं वाटत नाही.

आता हाताचं. ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका गाठी (शरीरातला द्रव वाहून नेणाऱ्या जाळ्यातल्या) काढल्या की त्या बाजूच्या हातातल्या द्रवाचा निचरा मंदावतो आणि हात सुजू शकतो, ही भीती खरी आहे. म्हणूनच पूर्वी बायकांना जन्मभर काही उचलू नका असं सांगत. पण २००९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या हाताला आधीच सूज होती अशा १४१ बायका त्यात होत्या. त्यातल्या निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, हातात दाबाची बाही (सूज आवरणारी घट्ट बाही) घालून, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला. त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी आले. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे समजावून सांगितलं तेव्हा मला केवढा धीर आला!

त्यांनी सगळ्यात आधी शिकवला तो भिंतीचा व्यायाम. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि त्या बाजूच्या हाताची बोटं मुंगी चढल्यासारखी एकेक करत वर न्यायची. जिथं ओढ बसते तिथं थांबायचं, श्वास सोडायचा, पेन्सिलीची बारीक खूण करायची. आमच्या बेडरूमच्या दाराआड त्या खुणा अजून आहेत. पहिली माझ्या खांद्याच्या जरा वर, शेवटची डोक्याच्या वर पूर्ण हात ताणून. घर रंगवायला काढलं तेव्हा तेवढी भिंत मी सोडायला लावली. पुढे पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून कोपर वाकवणं, मग एक लिटरची. हे मनानं करू नकोस, आधी फिजिओला हात दाखव. रक्तदाब आणि सुई त्या हाताला शक्यतो नको, आणि भाकर भाजताना चटका बसला किंवा विळीनं कापलं तर लगेच धुऊन औषध लाव. हात लाल, गरम झाला तर त्याच दिवशी डॉक्टर. उन्हाळ्यात बाहीखाली घाम येऊन पुरळ येतं, म्हणून दोन बाह्या ठेव, म्हणजे एक रोज धुता येईल.

तुला लेट्रोझोल, ती इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी, सुरू केलंय म्हणालीस. सुनंदा, ती गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही. सांधे धरतात, सकाळी बोटं वळत नाहीत, रात्री कूलरसमोर झोपूनही अंगातून वाफ निघते. हे सगळं डॉक्टरांना सांग, त्यावर उपाय असतात. सांधेदुखीलाही चालण्यानं आराम पडतो. इस्ट्रोजेन म्हणजे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक, तुझ्यासारखी गाठ त्यावर वाढते. पाळी गेल्यावर ते मुख्यतः चरबीच्या पेशींत तयार होतं आणि ही गोळी नेमकं तेच थांबवते. वजन आटोक्यात ठेवा असं डॉक्टर पुन्हा पुन्हा का सांगतात, ते यावरून लक्षात येईल. दुसरी बाजू अशी की इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं विरळ होतात. म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व. संक्रांतीचे तीळ आहेतच, गूळ तेवढा बेतानं.

जेवणाबद्दल लोक हजार गोष्टी सांगतील. साखरेचा कण खाल्ला की गाठ परत येते, असं काही नाही; गोड कमी करायचं ते वजनासाठी. सोयाबीनची भाजीही खाऊ शकतेस. हळदीच्या कॅप्सूल आणि कुठले कुठले काढे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, भाजीतली हळद पुरे. माझं म्हणणं वेगळंच आहे. आपण बायका सगळ्यांचं झाल्यावर बसतो आणि तोवर वरणाच्या तळाशी पाणी उरलेलं असतं. दोन पोळ्या नि लोणचं, झालं जेवण. स्नायू झिजलेल्या शरीराला हे चालायचं नाही. आधी तुझं ताट वाढ: घट्ट वरण, बरबटीची नाहीतर मटकीची उसळ, दही, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी. आणि दोन स्वयंपाक करू नकोस. "आजारी माणसाचं वेगळं" असं सुरू झालं की महिनाभरात तू कंटाळशील आणि मग सगळ्यांसोबत सावजीच्या तर्रीत भाकर बुडवशील. तेल कमी करायचं तर अख्ख्या घराचं कर. मुलांचंही भलंच होईल.

एक नाजूक गोष्ट. भाऊजींचा खर्रा. ती प्लास्टिकची पन्नी घासण्याचा आवाज तुमच्याकडे जेवण झालं की ऐकू येतोच. तंबाखू आणि सुपारी, दोन्हींनी कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. तुझ्या केमोत ते रात्र रात्र बसले, माणूस सोन्यासारखा आहे. मी त्यांच्याशी स्वतः बोलेन, तुझ्या आजाराचा धाक घालून नव्हे, बहिणीच्या नात्यानं.

तपासणीच्या आधीचे दिवस वाईट जातात, ते व्यायामानंही पूर्ण टळत नाहीत. त्या दिवसांत मला रात्री अकरालाही फोन कर. वर्षाची मॅमोग्राफी चुकवू नकोस, मी सोबत येईन.

आणि बुटांचा नंबर कळव. केमोनं तुझी पावलं अजून बधिर आहेत ना, मग चप्पल घालून चालणं नको, टोचलेलं कळतच नाही. बूट मऊ, पुढून रुंद हवेत. जाड मोज्यांसकट बसतील असे मी सीताबर्डीहून आणून ठेवते. तू आलीस की पहिला आठवडा मीच तुमच्याकडे येईन, सकाळी साडेसहाला. तुमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, बस. भाऊजींनाही सोबत घेऊ.

तुझी,
मंगल