आधी सी-२९५ची दुरुस्ती छापा

संपादक साहेब,
स.न.

परवाच्या अंकात हवाईदलाच्या मालवाहू विमानांवर जी बातमी आली त्यात दोन गोष्टी खटकल्या म्हणून लिहितोय. एक म्हणजे सी-२९५ हे नवं मालवाहू विमान जुन्या एएन-३२ मालवाहू विमानाच्या जागी आलंय असं छापलंय, ते चूक आहे. २०२१ला ५६ विमानांचा जो करार झाला तो जुन्या अ‍ॅव्रो विमानांच्या जागी, १६ स्पेनहून तयार यायची नि ४० बडोद्यात बनवायची असं ठरलं. एएन-३२ अजून रोज उडतंय. आणि दुसरं, या एएन-३२ला 'उडता खटारा' म्हटलंय ते जरा जिव्हारी लागलं, कारण माझ्या नोकरीची बरीच वर्षं त्या खटाऱ्याच्या पोटात बसूनच गेली.

मी पायलट नाही बरं का, एअरफ्रेमचा, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा टेक्निशियन. गावात एअरफोर्स म्हटलं की लगेच विचारणार, विमान चालवतोस का, नाही म्हटलं की लोकांचा इंटरेस्टच संपतो. पण विमान बेस सोडून लांब गेलं की तिकडे आपला हँगर नसतो, स्टोअर नसतं, मग टूलबॉक्स, ऑइलचे डबे, स्पेअर चाक आणि आम्ही काही जण असं सगळंच लोड व्हायचं. एसटीचा मेकॅनिक डेपोत राहतो, आम्ही गाडीबरोबर जायचो. भिंतीला लावलेल्या कॅनव्हासच्या सीटा, समोर जाळीखाली बांधलेली रसद, आणि आवाज एवढा की शेजारच्याला काही सांगायचं तर त्याच्या कानात ओरडायचं.

चंदीगडहून लेहला जायचं तर पहाटेच निघायला लागतं, कारण दुपारी तिकडे वारा सुटतो आणि हवा तापली की विमानाला तेवढं वजन पेलत नाही. लेहचा रनवे साडेदहा हजार फुटांच्या वर, हवा विरळ, एकदा बंद केलेलं इंजिन परत स्टार्ट होताना नखरे करतं, म्हणून शक्यतो बंदच करत नाहीत. पंखे फिरतायत, मागच्या रॅम्पवरून, म्हणजे शेपटीखालच्या उतरत्या दारावरून भाजीपाला नि केरोसीनचे पिंप उतरतायत आणि तेवढ्यात आम्ही खाली उतरून टायर, ब्रेक, कुठे हायड्रॉलिक लीक आहे का ते बघायचं, पंख्यापासून लांब राहून. हातमोजा काढला की बोटं बधिर, घातला तर लीक हाताला कळत नाही. चार पावलं पळालं तरी धाप लागते ते वेगळंच.

नाइट हॉल्टला क्रू जेवायला गेला की आमचं काम सुरू. एएन-३२ची इंजिनं पंखाच्या वर बसवलेली, कच्च्या धावपट्टीवरचे दगड पंख्याला लागू नयेत म्हणून ते बरोबरच आहे, पण आसामातल्या जोरहाटच्या पावसात ओल्या पंखावर चढून टॉर्च तोंडात धरून नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लॉकिंग वायर पिळायची म्हणजे काय ते करणाऱ्यालाच ठाऊक. शेवटी टूल चेक. एक स्पॅनर कमी भरला तर विमान हलत नाही, मग कॅप्टन कितीही वैतागू दे. मग फॉर्म ७००वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर सही, आणि सकाळी त्याच विमानात जाऊन बसायचं.

अपघात झालेच नाहीत असं मी म्हणत नाही. २२ जुलै २०१६ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं विमान २९ जणांसकट बंगालच्या उपसागरात गेलं, अवशेष ३४०० मीटर खोल सापडल्याचं कळायला २०२४ उजाडलं. ३ जून २०१९ला जोरहाटहून मेचुकाला जाणाऱ्या विमानातले १३ जण गेले. पण म्हातारं झालं म्हणून पडलं असं लिहून मोकळं होणं फार सोपं आहे हो. विमान मूळ युक्रेनचं, २००९ला अपग्रेडचा करार झाला, काही तिकडे करायची ठरली आणि बाकीची आपल्या कानपूरच्या डेपोत, पुढे २०१४ पासून तिकडे रशियाशी भांडणं लागली आणि आता तर युद्धच चालू आहे. मग पार्ट कुठून येतात, किती वेळात येतात, इथे काय काय बनवायला लागलोय, हे विचारा की. खटारा म्हणायला काय लागतं?

तर सी-२९५ची दुरुस्ती तेवढी छापा. आणि पुढच्या वेळी लोहगावला असं विमान उतरलं की पायलटशी बोलून झाल्यावर तुमच्या वार्ताहराला मागच्या रॅम्पकडेही एक चक्कर मारायला सांगा, परवानगी मिळवायला वेळ जाईल, पण सांगण्यासारखं तिकडे भरपूर आहे.

आपला,
एक निवृत्त वायुसैनिक, जि. सातारा